चौदा पाट्या आणि एक दगड

खोटं कशाला बोलू, मी चैत्रालीवर जळते. सारंगला विचारलंत तर तो म्हणेल, "छे, आमच्या विनूचा स्वभाव तसा नाहीच." बिचारा! एकवीस वर्षं संसार करून ज्याला बायको कळली नाही, त्याच्या साक्षीला काय किंमत द्यायची?

चैत्राली माझी धाकटी जाऊ. सारंगचा भाऊ यशोधन आणि ती अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या हार्कनेस नावाच्या गावात राहतात. गाव म्हणायचं नाही हं, बरो म्हणायचं. मी एकदा चुकून गाव म्हटलं, तर तिने फोनवर दहा मिनिटं समजावलं की टाउनशिप वेगळी आणि बरो वेगळा. बरोला स्वतःचा मेयर असतो, स्वतःची लायब्ररी असते, स्वतःचा अग्निशमन बंब असतो. आणि वस्ती किती, तर सहा हजार! आमच्या सिंगापुरातल्या वुडलँड्सच्या पंधरा ब्लॉकांत तेवढी माणसं राहतात. आम्ही कुणाला समजावत बसत नाही.

तर ह्या सहा हजारांच्या बरोला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाच्या सेक्रेटरी आमच्या चैत्रालीबाई. तिथल्या हिस्टॉरिकल सोसायटीने गावात चौदा ठिकाणी पितळी पाट्या लावल्यात. एक जुनं दगडी रेल्वे स्टेशन आहे, तिथे आता लोकांचे केस कापतात. बंद पडलेली पीठगिरणी आणि तिचं चाक आहे. डच लोकांनी बांधलेलं एक घर आहे. रोज दुपारी बारा वाजता बोंबलणारा भोंगा आहे, त्यालासुद्धा पाटी. आणि चौदाव्या नंबरला एक ओकचं झाड आहे. त्याच्याखाली म्हणे स्वातंत्र्ययुद्धातले सैनिक जेवायला बसले होते. बसले, जेवले, उठून गेले. संपलं की! त्याची कसली पाटी?

दर शनिवारी घरच्यांचा व्हिडिओ कॉल असतो. पुण्याहून सासूबाई, अमेरिकेतून ती दोघं आणि सिंगापूरहून आम्ही. चैत्रालीने काय शोधलं, कुठल्या घराचा मूळ मालक कोण होता, तिला मेयरने कसं बोलावलं, हे सगळं होईस्तोवर माझा कुकर झालेला असतो. एकदा मी म्हटलं, "आई, आमच्याकडेही जुन्या जागा आहेत बरं का." तर सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या सिंगापूरला कसला आलाय इतिहास, विनीता? सगळं काल बांधल्यासारखं चकचकीत."

इथवर मी गिळलं. गिळायची सवयच आहे. पण मग प्रकरण आर्यापर्यंत पोचलं.

आर्या माझी एकुलती एक. अठरा पूर्ण झाली, ए लेव्हलची, म्हणजे आपल्या बारावीसारखी, परीक्षा संपली, आणि जानेवारीत सहा आठवडे काकूकडे राहायला गेली. परत आली ती "काकू म्हणते" घेऊनच. काकू म्हणते, चालत फिरल्याशिवाय जागा कळत नाही. काकू म्हणते, प्रत्येक घराला विचारायचं, तू कुणाचं? रविवारी काकू लोकांना गाव दाखवायला निघते तेव्हा आर्या हातात फलक घेऊन पुढे चालायची म्हणे. घरी हिला कचऱ्याची पिशवी खाली न्यायला सांगितली तर पाय दुखतात.

आमच्या जेवणाच्या टेबलावर तेव्हा दोन पत्रं पडून होती. एक इथल्याच विद्यापीठाचं. दुसरं हार्कनेसपासून चाळीस मिनिटांवरच्या कॉलेजचं. काकूकडे राहायचं, तिथून जायचं-यायचं. एक मेच्या आत उत्तर कळवायचं होतं. आर्या काही बोलत नव्हती आणि मी विचारत नव्हते. विचारलं आणि तिने सांगून टाकलं तर?

पोरगी लंडनला निघाली असती, सिडनीला निघाली असती, तर मी रडत का होईना बॅग भरून दिली असती. पण चैत्रालीकडे? मी वाढवायची, मी गोवर-कांजिण्या काढायच्या, आणि तयार मुलगी हिच्या घरात नेऊन द्यायची? आयत्या बिळावर नागोबा नाही तर काय!

एप्रिलमध्ये चैत्राली पाच दिवसांसाठी आमच्याकडे आली. यशोधनचं सिंगापुरात काम होतं म्हणून तीही आली. येताना माझ्यासाठी काय आणावं? फ्रीजवर लावायचा लोहचुंबक, त्यावर त्या ओकचं चित्र. आणि सोसायटीची छापील पुस्तिका, नकाशासकट. आर्याने ती पुस्तिका अशी छातीशी धरली, तसं दुसरं काही धरताना मी तिला कधी पाहिलं नाही.

बुधवारी रात्री जेवताना चैत्राली म्हणाली, "वहिनी, तुमच्या वुडलँड्सचा इतिहास मला दाखवा ना."

मी तोंड उघडायच्या आत आर्या म्हणाली, "काकू, हियर गॉट नथिंग लाह. कॉजवे आणि ट्रॅफिक, फिनिश."

माझ्या पोटची पोर! ह्याच मातीत रांगली, आणि म्हणते नथिंग. मी आमटी वाढता वाढता म्हटलं, "रविवारी सकाळी आठला तयार राहायचं. दाखवते."

मी बँकेत ऑडिटला आहे, अर्धवट तयारीने कुणासमोर जात नाही. दोन संध्याकाळी लायब्ररीत बसले. सालं, नावं, मोजमापं, सगळं उतरवून काढलं. सारंग म्हणाला, "अगं, ती फक्त फिरून यायचं म्हणतेय." मी म्हटलं, "तू गप्प बस."

रविवारी मी, चैत्राली आणि आर्या निघालो. आधी समुद्राकाठी नेलं. समोर मलेशियाचं जोहोर, मधून समुद्रावरचा रस्ता म्हणजे कॉजवे, त्यावर मोटारींची रांग. मी घडाघडा सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी बांधला. बेचाळीस साली जपानी आले तेव्हा माघार घेणाऱ्या इंग्रजांनी तो मध्येच उडवून दिला.

"बाप रे! कुणाला आठवतं का हे? तुम्ही कुणाशी बोललात?" चैत्रालीने विचारलं.

"पुस्तकात आहे."

"हो ना, पुस्तकात असतंच," ती म्हणाली. "आम्ही काय करतो वहिनी, पाटी लावण्याआधी निदान तीन म्हाताऱ्या माणसांना विचारतो. साल पुस्तकात मिळतं, जागा माणसाकडेच मिळते."

आर्याने मान डोलावली. ती मान मला दिसायला नको होती.

पुढे मी जुन्या बाजाराची जागा दाखवायला नेलं. तिथे आता पत्र्याचं कुंपण आणि आत क्रेन. "इथे काय होतं?" चैत्रालीने विचारलं. मी सांगितलं, मार्केट होतं. "कसं होतं?" तिने विचारलं. कमाल बघा, त्या मार्केटमध्ये मी आठ वर्षं दर रविवारी मासे घेतले होते. कोळीण मला बघून सुरमईचं डोकं बाजूला काढून ठेवायची. पण डोक्यात सालं एवढी कोंबली होती की त्यातलं काही ओठांवर आलं नाही. मी म्हटलं, "होतं साधंच."

ऊन चढलं. माझा कुर्ता पाठीला चिकटला, चैत्राली मात्र घामाशिवाय उभी. आर्या तिच्याजवळ सरकून पुटपुटली, "आय टोल्ड यू, काकू." मला ऐकू गेलं. मी म्हटलं, पुरे झालं, घरी चला.

घराकडे यायला दोन रस्ते आहेत. एक ब्लॉकच्या मागून, वडाखालून. दुसरा कारपार्कमधून, लांबचा. मी कारपार्ककडे वळले. त्याला कारण होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही ह्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा मला दुसरा महिना होता. ओळख ना देख. माझं माहेर देवगडचं. आईने फोनवर एकच गोष्ट विचारली, "राखणदाराला नारळ ठेवलास काय?" कोकणात प्रत्येक जागेला राखणदार असतो. आई म्हणायची, जागा कुणाची ते विचारल्याशिवाय पाय पसरू नये. आता वुडलँड्समध्ये राखणदार कुठे शोधू? पण शोधला. ब्लॉकच्या मागे वडाखाली एक दगड दिसला, शेंदरासारखा लाल, वर लाल पत्र्याचं छप्पर, पुढे उदबत्त्या. मी म्हटलं, चला, आपल्या कुणीतरी बसवलेला दिसतोय. मंगळवार बघून हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, आणि आईने सांगितलं होतं तसं मोठ्याने बोलले, "मी विनीता. देवगडची. इथे राहायला आलेय. सांभाळ."

असे तीन महिने दर मंगळवारी गेले. मग एक दिवस मिस्टर कोह भेटले. पलीकडच्या ब्लॉकमध्ये राहणारे चिनी गृहस्थ. तो दगड त्यांनी बसवलेला. त्यांनी सांगितलं की हा दातुक काँग, ह्या जमिनीचा राखणदार. मूळचा मलय मुसलमान म्हातारा, चिनी लोक त्याला पुजतात, त्याला डुकराचं मांस चालत नाही. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तीन महिने मी परक्या देवाला हळद फासत होते! मी माफी मागितली. त्यांनी विचारलं, दर वेळी काय बोलतेस त्याच्याशी? मी सांगितलं. ते बराच वेळ हसले. म्हणाले, इथे येणारा जो तो लॉटरीचा नंबर मागतो. स्वतःचं नाव सांगणारी तू पहिलीच.

पुढच्या मंगळवारी गेले तर दगडाच्या डाव्या बाजूची उदबत्त्यांची वाटी त्यांनी सरकवून ठेवली होती. तिथे माझ्या नारळाची जागा झाली. आर्या सव्वा महिन्याची झाली तेव्हा मी तिला तिथेच पायावर घातली. मिस्टर कोहनी तिच्या मुठीत संत्रं द्यायचा प्रयत्न केला, ते तिच्या डोक्याएवढं होतं.

हे सारंगला आणि आर्यालाच माहीत. सासरी मी अवाक्षर काढलं नव्हतं. विनीता चिनी देवाला हळदकुंकू वाहते हे पुण्यात कळलं असतं तर पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात तेच ऐकावं लागलं असतं. आणि चैत्रालीच्या पितळी पाट्यांसमोर माझा लाल रंग फासलेला दगड काय सांगणार?

पण आर्या कसली कारपार्कमधून येते! "आई, व्हाय सो फार?" म्हणून ती सरळ वडाकडे वळली आणि चैत्राली तिच्या मागे. मिस्टर कोह तिथेच झाडत होते. आता ऐंशीच्या घरात आहेत. मला बघून हात वर केला आणि हाक मारली, "मॅडम! धिस ट्यूजडे यू नेव्हर कम!"

चैत्रालीने दगडाकडे पाहिलं, त्यावरच्या पिवळ्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे काय, वहिनी?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "इथल्या लोकांचं असतं काहीतरी."

असं म्हटलं मी. एकोणीस वर्षं ज्याने सांभाळलं त्याच्यासमोर उभं राहून.

"आई!" आर्या केवढ्याने ओरडली. "इथल्या लोकांचं काय? तुझं आहे ते!" आणि ती चैत्रालीकडे वळून सांगायला लागली. मराठीतून. जी पोरगी मला 'कॅन' आणि 'कॅनॉट' यापलीकडे उत्तर देत नाही, ती अख्खी गोष्ट मराठीतून सांगत होती. आजीचा फोन, मंगळवार, नारळ, उदबत्त्यांची सरकवलेली वाटी, सव्वा महिन्याचं बाळ, संत्रं. "मी विनीता, देवगडची" हे तर तिने माझ्या आवाजात म्हणून दाखवलं.

चैत्रालीला हसू फुटलं. "दातुकला हळदकुंकू? वहिनी, तुम्ही म्हणजे ना!" माझे कान तापले. मग तिचं हसू थांबलं आणि तिने पर्समधून वही काढली. मिस्टर कोहना विचारायला लागली. दगड कुठून आला? कुठल्या साली? आधी इथे काय होतं? म्हातारा खूश. झाडू टाकून हातवारे करत सांगतोय, रबराची झाडं होती, ओढा होता, त्या ओढ्यात दगड सापडला. एकोणीस वर्षांत हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. आणि ही पाच मिनिटांत लिहून घेत होती. आर्या तिच्या खांद्यावरून वहीत बघत होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"ठेव ती वही!" मी म्हटलं. "ठेव म्हणते ना! ह्याचीही पाटी करणार का तू? पंधरावी? सासूबाई तुझ्या, कौतुक तुझं, माझी मुलगीसुद्धा उठता-बसता तुझंच नाव घेते. तिला तर घेऊन निघालीच आहेस. निदान हा दगड तरी माझ्याकडे राहू दे!"

मिस्टर कोहना शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. ते झाडू उचलून झाडाच्या पलीकडे गेले.

"आई, मी अजून हो कुठे म्हटलंय?" आर्या हळूच म्हणाली.

चैत्रालीने वही मिटली, पर्समध्ये टाकली, चेन लावली. मला वाटलं, आता ही रडेल आणि यशोधनला फोन करेल. पण ती दगडाकडे बघत उभी राहिली.

"वहिनी, मला तिथे अकरा वर्षं झाली," ती म्हणाली. "चौदाही पाट्या तोंडपाठ आहेत. कुठल्या घरात कोण जन्मलं, कोण मेलं, सगळं विचारलं मी. पण मी कोण, कुठून आले, हे तिथे कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. सांगायचं असतं हे मला सुचलंच नाही."

वाईट वाटायला हवं होतं. वाटलं, नंतर. पण आधी बरं वाटलं. खरं तेच सांगते.

एकोणतीस एप्रिलला आर्याने सांगितलं की ती हार्कनेसला जाणार. म्हणाली, तो कोर्स इथे नाही. जागांचा आणि माणसांचा इतिहास शिकायचा आहे तिला. मी विचारलं, "काकूमुळे?" तर म्हणाली, "काकूमुळे पण." त्या 'पण'चा अर्थ मी विचारला नाही. ऑगस्टमध्ये ती गेली. विमानतळावर मी शहाण्यासारखी वागले. घरी येऊन फ्रीजवरचा ओक उपटला आणि खणात टाकला.

त्या आठवड्यात मंगळवारी देवघरातली माझी स्टीलची हळदकुंकवाची डबी सापडेना. सारंगवर ओरडले, सगळी कपाटं पालथी घातली. शेवटी वाटीत हळदकुंकू घेऊन खाली गेले. मिस्टर कोहनी विचारलं, मुलगी पोचली का? मी म्हटलं, पोचली. सकाळी तिला चहा आता चैत्राली देत होती.

दुसऱ्या रविवारी सकाळी साडेआठला फोन वाजला. चैत्राली. तिच्याकडे शनिवारची संध्याकाळ.

"वहिनी, काय सांगू तुम्हाला! सोसायटीत नुसता गोंधळ माजलाय. चौदा नंबरच्या ओकला कुणीतरी लाल रंग लावलाय. पाटी पिवळी झालीय. खाली नारळ! आमच्या अध्यक्षबाई म्हणतात, झाडाला इजा केली, पोलिसांना कळवा. आणि पत्र कुणी लिहायचं? सेक्रेटरीने! म्हणजे मी!"

"मग लिहिलंस?" मी विचारलं.

"काय लिहिणार, कपाळ! झाडामागे स्टीलची डबी सापडली. झाकणावर तुमचं नाव कोरलेलं आहे. मी अध्यक्षबाईंना सांगितलं, आमच्या घरचीच मुलगी आहे, नवी आलीय, आमच्यात असं असतं. आणि वहिनी, मग मीही त्या ओकला नाव सांगून आले. अकरा वर्षं उशिराने. घ्या, हिच्याशी बोला."

फोन आर्याकडे गेला. "आई, रागावू नकोस हं. डबी मी नेली. तूच म्हणतेस ना, जागा कुणाची ते विचारल्याशिवाय पाय पसरू नये."

"काय बोललीस त्याच्याशी?"

"तू बोललीस तेच."

"तेच म्हणजे काय? नीट सांग."

"मी आर्या," ती म्हणाली. "विनीताची. वुडलँड्सची. इथे राहायला आलेय. सांभाळ."

मी फोन ठेवला. मंगळवार नव्हता, तरी नारळ घेऊन खाली गेले.